सगळ्यांची पाठ तारप्याला

मंडळी, दुपारपासून नुसती किळस येतेय, म्हणून लिहिते.

डहाणूच्या एका रिसॉर्टसाठी मी फ्रॅक्टलच्या सॉफ्टवेअरमध्ये तारपा नाचाचं चित्र केलं होतं. नाचाचा एकच गोल घ्यायचा, तो लहान करायचा, जरा फिरवायचा, बाजूला सरकवायचा. हे तिन्ही बदल एकत्र जोडले की गोलातून गोल उगवत जातात. प्रत्येक गोलाच्या मधोमध तारपा, म्हणजे आमचं भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणारा आणि नाचणाऱ्यांची तोंडं त्याच्याकडे. आमच्या आदिवासी पाड्यांवर नाचताना तारप्याला पाठ दाखवत नाहीत.

आज ते भिंतीवर लागलेलं बघितलं. मॅनेजरने माझ्या फाइलमध्ये चौथा बदल घुसवला होता, नाचणाऱ्यांना उलटं करायचा. तो प्रत्येक गोलात उतरला. बायांचे अंबाडे तारप्याकडे, तोंडं बाहेर.

"मॅडम, इफेक्ट भारी आलाय. गेस्टला काय कळतंय?"

त्याच भिंतीपुढे तारपा वाजवायला झरीहून माझे काका आले होते. त्यांनी चित्र पाहिलं आणि तारपा परत फडक्यात गुंडाळला. "चल पोरी. इथे ऐकायला कोणी थांबलेलं दिसत नाही."

मॅनेजर मागून म्हणतोय, निदान भिंतीपुढे उभं राहून एक फोटो तरी द्या.

तुम्ही दिला असता?