आत्याच्या हाताची उंची

घरात तिला सगळे मापाडी म्हणत. लहानपणी तिने आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप पळवली आणि मांजराच्या शेपटापासून बापाच्या नाकापर्यंत सगळ्यांची मापं घेतली, तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. अशी पोर इमारती आखायच्या कॉलेजात गेली, तर नवल कसलं?

पहिल्या वर्षी तिने बसथांबा काढला. त्यातला बाक इतका उंच, की बसणाऱ्याचे पाय लोंबकळावेत. हसं झालं. दुसऱ्या वर्षी कपडे धुण्याची सार्वजनिक जागा काढली, तेव्हा मात्र आधी आठवडाभर बायकांबरोबर उकिडवं बसून धुणं धुतलं आणि मगच पेन्सिल धरली. घरी आली तरी हात गप्प नसत. मातीची भांडी, पुठ्ठ्याची घरं आणि आत्यासाठी दोऱ्याचे नकाशे. कापडावर जाड दोऱ्याने रस्ता शिवायचा, वळणावर गाठ मारायची, दुकानापाशी बटण लावायचं.

कारण आत्याला दिसत नव्हतं. बापाची थोरली बहीण ही. साडेचार फुटांची, डोळे तिशीतच गेलेले, जीभ मात्र शाबूत. भाचीने केलेलं प्रत्येक घर आधी तिच्या बोटांखालून जायचं.

"हे काय गं, घर की कंगवा?"

"जिना आहे तो, आत्या."

"बरं झालं. उतरता उतरता केस विंचरून होतील."

शेवटच्या वर्षाला पोरीने न दिसणाऱ्यांसाठी वाचनघर आखलं. आत भिंतीला हाताच्या उंचीवर खरबरीत गिलाव्याचा पट्टा. दार आलं की तो गुळगुळीत, जिना आला की उभ्या रेघा, पिण्याच्या पाण्यापाशी बारीक गोटे. हात फिरवत जा, भिंतच वाट सांगेल. पट्ट्याची उंची घेतली आत्याला भिंतीपाशी उभं करून. तेवीस इंच. इथे मापाडी चुकली. सगळं जग काय आत्याएवढं असतं? शिकवणाऱ्या सरांनी तिच्या वहीतल्या नकाशावर लाल शाईने लिहिलं, 'उंची चुकली.' पण पाठही थोपटली आणि पुठ्ठ्याचं वाचनघर "प्रदर्शनात ठेवतो" म्हणून घेऊन गेले. ते परत आलं नाही. पोरीनेही मागितलं नाही. सरांवर तिचा आईबापापेक्षा काकणभर जास्तच विश्वास.

पदवीनंतर दोन वर्षं ती एका ठेकेदाराकडे मोऱ्यांचे नि संडासांचे नकाशे काढत होती. मग एका नावाजलेल्या ऑफिसातून मुलाखतीला बोलावणं आलं. तिथल्या मालकीणबाई तिची फाईल चाळत होत्या. वाचनघरापाशी हात थांबला. त्यांनी कपाटातून एक मासिक काढून पुढे टाकलं. तीच भिंत, तोच पट्टा, विटासिमेंटात उभा! खाली सरांचं नाव.

"दुसऱ्याचं काम लावून नोकरी मागायला येतात का गं?"

"बाई, हे माझं आहे. हे सर मला कॉलेजात शिकवायला होते."

"असेल तर सरांकडून दोन ओळी लिहून आण. नोकरी तुझी."

मासिकवाल्यांची चूक असेल, असं मनाला समजावत ती दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन त्या वाचनघरात गेली. वाचनघर नुकतंच सुरू झालं होतं, सर रोज येऊन किरकोळ कामं उरकून घेत. आत्याने दारातच भिंतीला हात लावला आणि काठी न टेकता तरातरा निघाली, ती थेट पाण्यापाशी थांबली. मागून एक उंच माणूस कमरेत वाकून पट्टा चाचपत येत होता.

"अगं, ही तर माझी उंची!" आत्या म्हणाली.

चोराने चूकसुद्धा सोडली नव्हती.

सर हसत पुढे आले. "ये ये! कशी वाटली इमारत?"

पोरीने कसंबसं मागणं सांगितलं.

"अगं, कल्पना काय, हवेत असतात. वर्गात आपण सगळे मिळूनच काम करतो," असं म्हणत त्यांनी लगेच कागद ओढला, लिहिलं, सही केली.

"मोठ्याने वाच," आत्या म्हणाली.

"'हिने माझ्या वाचनघराच्या कामात मला मदत केली.'"

"सर, तुमची उंची किती हो?" आत्याने विचारलं.

"पाच फूट दहा. का?"

"मग बरंच वाकून चोरावं लागलं असेल."

सरांचा चेहरा उतरला. पण पोरीला ते हळूच म्हणाले, "कागद ने. नोकरी मिळेल."

ते खरं बोलत होते, हेच तिला जास्त लागलं. कागद नेला की नोकरी पक्की. आणि वाचनघर आपल्याच हाताने त्यांच्या पदरात. तिने कागद टेबलावर ठेवला, उडू नये म्हणून वर त्यांचाच चष्मा ठेवला आणि आत्याचा हात धरला.

मालकीणबाईंकडे ती जुनी वही घेऊन गेली. तारखेनिशी मापं, आत्याच्या पंजाचा ठसा, सरांची लाल शाई. बाईंनी पानन् पान पाहिलं.

"तुझंच आहे," त्या म्हणाल्या.

पोरीचा जीव भांड्यात पडला.

"पण आमचं पुढचं काम त्यांच्या भागीदारीत आहे. तुला घेतलं तर रोज समोरासमोर याल. मला ते परवडायचं नाही." त्यांनी वही मिटून दोन्ही हातांनी, अगदी आदराने परत दिली.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने विचारलं, "काय झालं गं मुलाखतीचं?"

"त्यांना पटलं, काम माझंच आहे म्हणून."

"मग इथे काय करतेयस?"

तिने खुर्ची ओढली आणि विचारलं, "मोरीचा उतार कुठल्या बाजूला द्यायचाय?"