लेकीचं पोट बांधताना

मैत्रिणींनो, आज हसवणार नाही.

माझी लेक बाळंतपणाला कुरुंद्याला माझ्याकडे आली आहे. नात वीस दिवसांची झाली. रोज सकाळी शेक-शेगडी झाली की मी जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीने लेकीचं पोट बांधते. आज ती म्हणाली, "आई, आणखी आवळ."

मी आवळलं.

"आणखी."

"अगं, श्वास तरी घेता येईल का? काहून एवढी तकलीफ देऊन राहिलीस जिवाला?"

"मला तुझ्यासारखं हळदीचं पोतं न्हाई व्हायचं."

हा विनोद माझाच. दोन लेकरांनंतर वजन वाढलं, तेव्हा लोकांनी बोलण्याआधी आपणच बोलून मोकळं व्हावं म्हणून मी तो काढला. मग हळदीकुंकवात, लग्नात, इथे तुमच्यासमोरही कितीदा तरी वापरला. तुम्ही हसायचात, मला आणखी चेव चढायचा. माझ्या शेजारी बसलेली माझी ही पोरगी त्यातला शब्दन् शब्द खरा मानत होती, हे मात्र कधी दिसलं नाही.

मी पट्टी सैल केली. सवयीने म्हटलं, "याच पोत्यातून निघालीस तू."

ती हसली नाही. "आई, तुला तुझं अंग कधी आवडलंच न्हाई का गं?"

गावभर विनोद वाटणारी मी, पट्टीची गाठ चाचपत राहिले.

नातीला शब्द कळायच्या आत मला खरं उत्तर शोधायला हवं. तुमच्याकडे आहे का?