डोंगर माझ्यापेक्षा लहान

आमच्या वणीजवळचा एक डोंगर माझ्यापेक्षा वयाने लहान आहे. मी राजूरकडच्या कोळसा खाणीच्या ऑफिसात लागलो तेव्हा तिथं सपाट रान होतं. कोळशावरची माती काढून काढून एका जागी टाकली, तिचा ढिगारा झाला, ढिगाऱ्यावर झाडं लावली आणि मी रिटायर होईपर्यंत लोक त्याला डोंगर म्हणू लागले. अशा पोरसवदा डोंगराने रोज मला दमवावं, हे काही बरं नाही.

डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून मी आणि बायको सकाळी तिकडे जातो. ती बोलत चढते, मी ऐकत चढतो. उत्तर द्यायला श्वासच नसतो. बघणारे म्हणतात, काय गोड जोडपं आहे.

यंदा पुण्याच्या मुलीने दिवाळीत आम्हाला एका गडावर न्यायचं काढलं. बायकोने जन्मात गड पाहिलेला नाही. ती आरशासमोर पाठीवर सॅक अडकवून घरभर फिरायला लागली. मुलीची अट एकच होती. बाबांनी आधी हा ढिगारा एकदाही न बसता चढून दाखवायचा, नाहीतर दोघांचीही तिकिटं रद्द. मला घरी टाकून आई येणार नाही, असं ती धरून चालली होती. मीही तेच धरून चाललो होतो.

तयारी म्हणून मी डोंगर चढायचे खास जोडे घेतले. तळाला बोटभर खोल खाचा. "काका, घसरायचं नावच नाही," दुकानदार म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पाऊस झाला. ढिगाऱ्याकडची पायवाट कपाशीतून जाते. उभा जन्म काळ्या मातीत काढलेला मी, पण ती या खाचांत जाऊन बसेल, हे माझ्या टकुऱ्यात आलं नाही. शेताच्या कडेच्या धुऱ्यापाशी पोचेस्तोवर एकेका पायाखाली भाकरीच्या तव्याएवढा थर जमला होता. मी चांगला चार बोटं उंच झालो होतो.

बायकोने केव्हाच चपला हातात घेतल्या होत्या.

"हे जोडे हायेत का वावर हाय?" ती म्हणाली. "खरडून टाका ना."

"चढावर आपोआप झडते."

झडली नाही. चढावरचा मुरूमही वर येऊन चिकटला. मी पाय उचलत नव्हतो, उपटत होतो. अर्ध्यावर एका बाभळीपाशी गुडघ्यांनी मला न विचारताच बसकण मारली.

"तू हो पुढं," मी म्हणालो. "मी आलोच."

ती अनवाणी वर गेली, वरून एकदा हात केला आणि परत खाली माझ्यापाशी आली. मी तिथंच होतो. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुलगी.

मी खुणेनंच सांगितलं, बाबा चढले म्हण. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तर ती करेलच.

तिनं माझ्याकडे पाहिलं, जोड्यांकडे पाहिलं.

"मी चढली," ती फोनवर म्हणाली. "तुह्ये बाबा बाभळीखाली बसले हायेत. माह्यं एकटीचं तिकीट राहू दे. त्यायले करून खाता येते."

मला राग यायला हवा होता. पण आतून अंग असं सैल पडलं, जसं बाजेवर पाठ टेकल्यावर पडतं. आता कुठंच चढायचं नव्हतं. खरं सांगायचं तर नुसतं उतरायचंही जिवावर आलं होतं.

तिनं काडी घेतली, माझा एक पाय मांडीवर ओढला आणि माती खरवडायला लागली. मी म्हटलं, चला, माया आहे म्हणायची.

"काय नंबर हाय याचा?" तिनं विचारलं. "आत दोन मोजे घातले तं मले होतील का?"

दिवाळीत गडावरून फोटो आला. मी ओट्यावर खुर्ची टाकून, स्वतः लावलेली करपट खिचडी खात तो पाहिला. बायको हसताना डोळे मिटून बसली आहे. जोडे मात्र स्पष्ट दिसतात.