विसण कुणी घातलं?

मी शाळेत फिजिक्स शिकवतो. स्टाफरूममध्ये भुताखेताचा विषय निघाला की सगळ्यात आधी खिल्ली उडवणारा मीच. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण जे झालं ते झालं.

आमचं घर मेढ्याच्या जरा वर, डोंगराला लागून. इथली थंडी नुसती बोचरी. इतकी वर्षं आंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापायचं. पण आईला धुराचा त्रास, त्यात मोतीबिंदू. बंब बंद करायचा हे ठरलं, त्याच्या जागी काय, यावर मात्र घरात चांगलीच जुंपली. सांगलीची ताई म्हणे गॅस गीझर घ्या. आमच्या बाथरूमला धड खिडकी नाही, म्हणून मी तो उडवून लावला. इलेक्ट्रिक घ्यावा तर इथल्या लाइटचा भरवसा नाही. शेवटी सोलर ठरला. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून रिटायर झालेले. ते एवढंच म्हणाले, "आन् इसाण कोन घालनार?"

कढत पाण्यात गार पाणी घालून ते अंगाला सोसेल असं करायचं, ते विसण. आबांच्या बादलीत ते कायम आईनंच घातलं. आधी कौतुक म्हणून, नंतर गरज म्हणून — कारण शुगरमुळे आबांना हातापायाला काही कळतच नाही. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, भाजलं तर जखम भरायची नाही, पाय जाईल.

आई ऑपरेशनसाठी ताईकडे गेली तेव्हाच मी सोलर बसवून घेतला. प्लंबरनं गरम पाण्याची लाइन जोडली आणि गार पाण्याची उद्या जोडतो म्हणून गेला. गार नळाच्या जागी नुसतं बूच. "उद्या मी सांगेपर्यंत आंघोळ करायची नाही," असं मी आबांना दोनदा सांगितलं.

सकाळी दूध घेऊन आलो, तर बाथरूममधून पाणी ओतल्याचा आवाज! दूध तिथंच ठेवून धावलो. दार ढकलणार तेवढ्यात आबा पंचा गुंडाळून बाहेर. मी त्यांचे पाय पाहिले, पाठ पाहिली. लाल ठिपकासुद्धा नाही.

"पानी झ्याक व्हतं रं," आबा म्हणाले.

बादलीत उरलेल्या पाण्यात हात घातला. कोमट... आई करते अगदी तसं. नळ सोडला तर बोट पोळलं. गार नळाचं बूच जागच्या जागी. स्वयंपाकघरातली घागरही काठोकाठ भरलेली, तशीच.

"आबा, विसण कुणी घातलं?"

"तुज्या आयनं न्हवं का?" म्हणाले आणि स्वतःच थबकले. "नळ सोडून टावेल आणाया गेलो. आत बांगड्या वाजल्या... मला वाटलं, घातलं तिनं. सवय रं."

तेवढ्यात ताईचा फोन. "अरे, आई झोपेतनं ओरडतच उठली. 'आवं थांबा, लय कढत हाय!' म्हणाली. हात मनगटापर्यंत लालभडक झालाय, आणि ओला! जवळ ना चहा, ना पाणी. काय करू?"

मी म्हणालो, "गार पाण्यात धर."

नंतर सगळे हिशेब करून पाहिले. पाइपात निवलेलं पाणी आधी आलं असेल? पण त्यात तांब्याभर पाणी मावतं, बादलीभर नाही. आणि आईच्या हाताचं काय? तिला काही आठवत नाही. घरी आली तेव्हा तळव्याची साल निघत होती. आबा तो हात हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. मला रडू आवरलं नाही.

आता गार नळ बसलाय. आईच्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, हातालाही जपायचंय. म्हणून तिची बादली आबा काढतात. जन्मात कधी कुणाला विसण न घातलेला माणूस स्टुलावर बसून थोडं थोडं गार पाणी ओततो. बोटांना काही कळत नाही, मग मला हाक मारतो,

"मास्तर, हात घालून बघ रं... तुज्या आयला सोसंल का?"