पुढच्या चाकांचं दुखणं

मास्तर शाळेत शिकवायला कधी गेले नव्हते. शिकायलासुद्धा बेताचेच गेले. पण गाडी दुरुस्तीला आली की मालकाला स्टुलावर बसवून ते अशी उलटतपासणी घेत, की भल्याभल्यांना गृहपाठ न केल्यासारखं वाटे. म्हणून मास्तर. बॉनेटला हात नंतर लागायचा, आधी मालकाची खरडपट्टी.

दुसरी खोड पेनाच्या टोपणाची. विचार सुरू झाला की टोपण दातांखाली, आणि एखादा पाइप घटकाभर बंद करून बघायचा असला की तेच टोपण पाइपात. मग पेन उघडाच खिशात. त्यांच्या एकूण एक शर्टांवर निळा डाग होता. बायको म्हणायची, "आता अख्खे शर्टच शाईत बुडवून काढते, एकसारखे तरी दिसतील."

पलीकडच्या गल्लीत साडूभाऊंचं गॅरेज होतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे भांडण मनसोक्त करता येई, पण तोडता येत नसे. एकदा घरच्या पंगतीत मास्तरांनी छाती फुगवून सांगितलं होतं, "माझ्या हातची चूक निघाली, तर तुमच्या गॅरेजात दिवसभर नटबोल्ट पुसत बसेन." साडूभाऊंनीही तोच शब्द दिला. त्याला सात वर्षं झाली, कुणीच सापडलं नव्हतं.

अशात एका सकाळी गुरांच्या डॉक्टरीणबाई जीप घेऊन आल्या. दुपारपर्यंत टेकडीवरच्या गोठ्यात पोचायचं होतं, गाय अडली होती. वर चिखल. चारही चाकं ओढायला हवीत, आणि पुढची दोन नुसती सोबत येत होती.

"चार चाकांचा दांडा पडतो?" मास्तरांनी विचारलं.

"पडतो. दिवा लागत नाही. पुढचा क्लच धरतच नाही."

"कधीपासून?"

"काय सांगू? उन्हाळाभर गरजच पडली नाही. परवा चिखलात रुतले तेव्हा कळलं."

"मग कुणाला दाखवली?"

बाई जरा घुटमळल्या. "तुमच्या साडूंना. तुमचं गॅरेज बंद होतं. त्यांनी एक पाइप काढून पाहिला, हसले, परत लावला. म्हणाले, हे दुखणं मास्तरांच्याच हातून बरं होईल."

झालं, मास्तरांना आयतंच कोलीत मिळालं. साडूभाऊंनी काहीतरी बिघडवलंय आणि वर हसून निस्तरायला आपल्याकडे पाठवलंय, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही. फ्यूज तपासला, ठीक. वायर तपासली, ठीक. जीपखाली सरकताना ते बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होते, "हात लावतात आणि सोडून देतात. अशा माणसाच्या हातात पाना देऊ नये, लाटणं द्यावं." चहा घेऊन आलेली बायको तिथेच उभी राहिली. मेव्हण्यांचा उद्धार ऐकायला तिला आवडे.

या जीपचा पुढचा क्लच इंजिनाच्या ओढीवर चालायचा. इंजिन एका रबरी पाइपातून हवा ओढून घेई, त्या ओढीने क्लच सरकून बसे. मास्तरांनी क्लचकडचं टोक सोडवलं, पुसलं आणि तोंडात धरून जोरात ओढलं. खट्ट. क्लच मुकाट्याने बसला.

"क्लच ठणठणीत आहे. ओढच पोचत नाही," मास्तर खुशीत म्हणाले. आता चोर सापडणार होता. ते पाइप बोटांनी चाचपत वर वर आले. बॅटरीच्या मागे, सांध्याजवळ, बोटाला गाठ लागली. त्यांनी पाइप उपसला आणि चिमट्याने आतली वस्तू बाहेर काढली.

निळं टोपण. टोकाला चावलेलं.

तीन महिन्यांपूर्वी हीच जीप जागेवर उभी असताना थरथरायची. हवा कुठून गळते ते बघायला त्यांनी हा पाइप बंद केला होता. गळती दुसरीकडे सापडली, ती त्यांनी झकास काढली, आणि... मास्तरांचे कान तापले. टोपण मुठीत होतं. बाईंना पाइपात कचरा होता म्हणून सांगितलं असतं तर संपलं होतं. त्यांना ते फार सांगावंसं वाटलं.

बायकोने त्यांच्या मुठीकडे पाहिलं, मग खिशाकडे. "लाटणं आणू का?" तिने विचारलं.

मास्तरांनी मूठ उघडली. "बाई, चूक माझी," ते म्हणाले. पाइप जोडला, दिवा लागला, चारही चाकं फिरली आणि बाई गायीकडे गेल्या.

मास्तरांनी हात धुतले आणि पलीकडची गल्ली गाठली. साडूभाऊंच्या दारात स्टूल मांडलेलं होतं, पुढ्यात नटबोल्टांचा डबा, वर घडी केलेला फडका.

"या. परवापासून मांडून ठेवलंय," साडूभाऊ म्हणाले. "ही म्हणत होती, टोपण खिशात घालून गप्प बसतील. मी म्हटलं, येतील."

हे ऐकून मास्तरांना इतकं बरं वाटलं, की रागच आला. ते बसले आणि पुसू लागले. चौथा बोल्ट हातात आला तेव्हा थांबले. उजेडात धरला. कडा साफ गोल झालेल्या होत्या.

"याला चुकीच्या मापाचा पाना कुणी लावला?"

साडूभाऊंनी बोल्टकडे पाहिलं, मग छताकडे.

"उद्या नऊ वाजता या," मास्तर म्हणाले, "फडका आमच्याकडे आहे."