कोऱ्या फॉर्मवरची सही

सुलभा टेंबे लग्न होऊन सांगलीहून लखनौला आली. नवरा दिनकरराव रेल्वेत इंजिनियर. ती बीएस्सी होती, म्हणून शहराबाहेर, सरोजिनी नगरच्याही पुढच्या एका लहान नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी मिळाली. लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीतल्या घरून दोन बस बदलून जायची. नळाच्या पाण्याचे नमुने तपासायचे, अहवाल लिहायचा. रजा घेतली की मोठे साहेब म्हणत, "पाँच-छह कोरे फॉर्म पर दस्तख़त कर जाइए, काम नहीं रुकेगा." सगळेच करत. तीही करायची.

१९७८च्या उन्हाळ्यात एका मोहल्ल्यात काविळीची साथ आली. चार माणसं दगावली. सुलभाने तिथलं पाणी तपासलं, तर त्यात गटाराची घाण मिसळलेली. तिने तसं लिहून दिलं. आठवड्याने फाइल पाहिली, तर तिचा अहवाल गायब, आणि त्याच तारखेचा 'पिण्यास योग्य' असा दुसरा. खाली सही तिचीच.

तिने घरी सांगितलं. दिनकरराव म्हणाले, "तक्रार केलीस तर आधी तूच अडकशील."

"ठाऊक आहे. पण लोक अजून तेच पाणी पितायत."

तिने जिल्हा कचेरीत अर्ज दिला. कोऱ्या फॉर्मचंही लपवलं नाही.

लगेच तिची स्टोअरमध्ये बदली झाली. चहाला कुणी बोलवेना. चौकशी सुरू व्हायची, अधिकारी बदलायचा, की पुन्हा पहिल्यापासून. तेच प्रश्न, तीच उत्तरं. लेक नयना मोठी झाली तशी वैतागून म्हणायची, "आई, अब छोड़ दो ना." सोडावंसं सुलभालाही वाटे. पण अर्ज मागे घ्यायचा म्हणजे पुन्हा त्याच कचेरीच्या पायऱ्या चढणं आलं.

निकाल लागला १९८५ साली. साहेब तोवर हारतुरे घेऊन निवृत्त झाले होते. त्यांच्याविरुद्ध पुरावा अपुरा ठरला. सुलभाच्या सर्व्हिस बुकात मात्र निष्काळजीपणाचा शेरा पडला.

एक गोष्ट तेवढी झाली होती. चौकशीच्या धाकाने मोहल्ल्यातली गटारातून जाणारी पाइपलाइन दुसऱ्याच वर्षी बदलली गेली होती. त्यासाठी सुलभाचं नाव कुणी घेतलं नाही, आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

निकालाचा कागद वाचून दिनकररावांनी विचारलं, "वरती अपील करायचं?"

"नको," ती म्हणाली. "थोडी पडते मी."

दुपारचे चार वाजले होते. ती साडीही न बदलता आडवी झाली.