शंभर वार आणि एक लुगडं

शाळेपासून शंभर वारांवर पिवळी रेघ मारा, रेघेच्या आत तंबाखूचं दुकान नको, असं सरकारी पत्र आलं आणि मुख्याध्यापकांनी त्या कामावर मला नेमलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या त्या शाळेत रोज पाच खर्रे खाणारा मास्तर मी एकटाच होतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला तो खर्रा मला फाटकासमोरच्याच रस्त्यावरच्या ठेल्यातून यायचा. ठेला रेघेच्या आत येतो की बाहेर राहतो, माझा सगळा जीव एवढ्याच प्रश्नात अडकला होता. दुसरा ठेला थेट आसेगाव फाट्यावर. मधल्या सुट्टीत तिकडे कोण जाईल?

मोजायला टेप नव्हती. मुलांच्या कंपासमधल्या पट्ट्यांनी मोजायचं तर पोळा उजाडला असता. वारात मोजायचंय ना, मग वारात मिळणारी वस्तू आणा, असं मी सुचवलं आणि स्वतःच्याच हुशारीवर फिदा झालो. पोषण आहार शिजवणाऱ्या काकू घरी जाऊन त्यांचं हिरवं नऊवारी लुगडं घेऊन आल्या. अकरा लुगडी म्हणजे नव्व्याण्णव वार, वर एक वार. झालं.

त्या दिवशी आमच्या गावानं शेतीची कामं सोडली म्हणायला हरकत नाही. एक टोक काकूंच्या हाती, दुसरं माझ्या, मागं अख्खी शाळा एक, दोन, तीन असं ओरडत. तिसऱ्या लुगड्याला एसटी आली. ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढून "रस्त्याले लुगडं नेसवून राह्यले का सर?" असं विचारलं आणि गाडी बंद करून तोही मोजणीला लागला. सहाव्या लुगड्याला एका बकरीनं काठ तोंडात धरला, तो सोडवता सोडवता मुख्याध्यापक खाली बसले. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. कापड थोडं सैल धरावं असा पापी विचार माझ्या मनात येऊन गेला होता, पण गरजच पडली नाही. शंभरावा वार ठेल्याच्या दोन पावलं अलीकडे संपला. मी स्वतः गुडघ्यावर बसून पिवळी रेघ मारली, तीही अशी जाड की आभाळातून दिसावी, आणि त्याच आनंदात एक जास्तीचा खर्रा घोटायला सांगितला.

दुपारी काकू स्वयंपाकाच्या खोलीत लुगड्याची घडी घालत होत्या. मी पाणी प्यायला गेलो.

"सर, एक सांगू का? हे लुगडं आठ वारच हाये. एक वार फाडून म्या नातवाले झोळी केली होती."

म्हणजे आम्ही अकरा वार कमी मोजले होते. ठेला चक्क आत होता. मला पुन्हा हसूच फुटलं. "राहू द्या ना काकू, कोणाले मालूम आहे?"

काकू हसल्या नाहीत. "आमच्या घरचे बी खर्रा खात न असेच हासत. पोरीच्या लग्नात लाडू तोंडात जाये ना त्यायच्या, म्या कुस्करून चारला. डॉक्टरनं तोंडात तीन बोटं उभी टाकाले लावली, तं दोनच गेली. आता खिचडी बी पातळ करून देतो मी. तुमी टाकून पाहा बरं."

मी हसत हसतच तीन बोटं जुळवली आणि तोंडात उभी घातली. दोन गेली, तिसरं दातांवर अडलं. मी जबडा ताणला, कानाखाली कळ आली, पण बोट काही आत जाईना. मी फार घाबरलो. काकूंनी घडी केलेलं लुगडं पुन्हा मोकळं केलं आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

या खेपेला आम्ही दोघंच होतो. पहिल्या रेघेपासून पुढं एक लुगडं आणि वर तीन वार मोजले. ठेला मागं पडला. मी रंगाचा डबा उघडून नवी रेघ मारायला बसलो, तेव्हा ठेलेवाला माझा खर्रा हातात घेऊनच बाहेर आला. आम्ही दोघं पहिलीपासून एका वर्गातले.

"सकाळीच तं झाली ना रेघ. आता काहून?"

पेंट लागलेला हात बाजूला ठेवून मी दुसऱ्या हाताची तीन बोटं तोंडात घालून दाखवली. तो जवळ येऊन वाकून बघत राहिला. मग त्यानं खर्रा खिशात टाकला, हात धुतला आणि आपली बोटं घातली. तिन्ही गेली, पार पेरापर्यंत.

"माही जातेत," तो म्हणाला, जरा ओशाळूनच. "मी खात नाही न सर. बापानं ठेला देतानाच सांगतलं होतं, विकजो, खाजो नको."